गाठीला सोडलेली वीत

आमच्या तुयेच्या घरी चवथीला माटोळी बांधायची म्हणजे आजोबांचा मान. मी दोरीचं टोक धरून उभी असायचे. नारळ, सुपारीची शिपटी, काकडी, तोरिंगण, प्रत्येकाला वेगळी दोरी. मी मापून बरोबर तेवढीच कापली की ते म्हणायचे, "गाठीक सोड गो बाय. लांब जाली तर कापूंक येता, मोटवी जाली तर?" आखूड झालेली दोरी वाढवता येत नाही, एवढंच त्यांचं गणित.

मी वायर हार्नेस डिझाइन करते. गाडीत किंवा यंत्रात दिसणारी ती टेप गुंडाळलेली तारांची जुडी म्हणजे हार्नेस. सॉफ्टवेअरमध्ये जुडी काढली की ते प्रत्येक तारेची लांबी मोजून कटिंगचा रिपोर्ट देतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी पुण्यात मी असाच एक रिपोर्ट छापून खाली पाठवला. नमुन्याचे हार्नेस होते, तारा हातानेच कापायच्या होत्या.

दोन दिवसांनी निरोप आला, काही तारा कनेक्टरपर्यंत पोचत नाहीत. काही मात्र व्यवस्थित, उलट थोड्या सैलच. साहजिकच सगळ्यांची नजर कापणाऱ्या ताईंकडे गेली. हात सारखा नाही, असं सुपरवायझर माझ्यासमोरच म्हणाले. त्या कंत्राटावर होत्या. त्यांनी कागद पुढे केला. "मॅडम, इथं लिहिलंय तेवढंच कापलंय. मोजून बघा."

मी मोजलं. त्यांचं एक माप चुकलं नव्हतं. चूक माझ्या कागदात होती. रिपोर्ट मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत छापला जात होता. 1434 मिलिमीटरची तार कागदावर 1.43 मीटर झाली, म्हणजे 4 मिलिमीटर गेले. 1436 ची मात्र 1.44 झाली, म्हणजे 4 वाढले. टर्मिनल बसवायला टोकाचं आवरण सोलतात तेही काही मिलिमीटरच असतं. त्यात 4 गेले तर उरलं काय?

मी तिथेच सांगितलं, चूक माझी आहे. जीभ जड झाली होती, पण ताईंचा चेहरा बघवत नव्हता.

मग मूळ डिझाइनला हात न लावता रिपोर्टचा साचा बदलला. एकक मिलिमीटर. आधी दोन्ही टोकांची सूट मिळवायची, मग पुढच्या 5 च्या पटीत वर न्यायचं. 1434 अधिक 10 म्हणजे 1444, कागदावर 1445. खाली कधीच नाही. खरेदीच्या यादीतही बेरीज या वाढवलेल्या आकड्यांचीच. तारेमागे सरासरी 2 मिलिमीटर जादा जातात. 180 तारांच्या हजार हार्नेसना ते 360 मीटर होतात. बेरीज मूळ आकड्यांची केली, तर शेवटी रीळ कमी पडतं.

आपल्या मुलांपैकी कोणी या क्षेत्रात येत असेल तर एक गोष्ट जरूर वाचा. एअरबसच्या ए-380 विमानात सुमारे 530 किलोमीटर तारा असतात. हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथल्या कारखान्यांत डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरात होत्या आणि जोडणीच्या वेळी तारा आखूड पडल्या. 2006 साली विमानं लांबणीवर पडली. पहिलं ग्राहकाकडे गेलं ते ऑक्टोबर 2007 मध्ये. तिथला दोष राउंडिंगचा नव्हता, पण दोर मात्र मोटवाच पडला.

आता तुयेत औद्योगिक वसाहत आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीचंही बोललं जातं. कधीतरी आमच्याच गावातली एखादी बाय असा रिपोर्ट काढेल. तिला माझं एवढंच सांगणं: आकडा कागदावर जाण्याआधी तो कोणाच्या हातात पडणार आहे, हे आठव.

यंदा माटोळीच्या दोऱ्या मी कापल्या. प्रत्येकीला वीतभर जास्त सोडली.