हॅडलीची लांबची वाट

टेम्स नदी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर तीरावर, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, हॅडलीची टेकडी आहे. वर तेराव्या शतकातील किल्ल्याचे भग्न बुरूज, खाली दलदलीची कुरणे आणि पलीकडे भरती-ओहोटीचे पाणी. मुलाकडे गेलो असता आम्ही उभयता ही टेकडी पाहण्यास गेलो. न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून यांनी घराबाहेर पडणे जवळजवळ सोडलेच होते. काठी हाती घेणे म्हणजे हार पत्करणे, अशी यांची समजूत.

याच टेकडीवर ११ ऑगस्ट २०१२ रोजी ऑलिंपिकमधील महिलांची माउंटन बायकिंगची क्रॉस कंट्री शर्यत झाली. जर्मनीच्या साबिने श्पिट्झ यांनी २००४ साली अथेन्सजवळच्या पार्निथा पर्वतावर कांस्यपदक, तर २००८ साली बीजिंगच्या लाओशान येथे सुवर्णपदक मिळवले होते. हॅडलीला आल्या तेव्हा त्यांचे वय होते ४०. दगडधोंड्यांतून, चढउतारांवरून दीड तास सायकल हाकून त्या दुसऱ्या आल्या. पहिली आलेली फ्रान्सची ज्युली ब्रेसे अवघी २३ वर्षांची होती. पुढे २०१६ साली, ४४व्या वर्षी, श्पिट्झ रिओच्या ऑलिंपिकमध्येही उतरल्या.

चालता चालता मुलाने या खेळाची एक रीत सांगितली. अशा मार्गावर धोक्याच्या उतारापाशी पुष्कळदा दोन वाटा आखलेल्या असतात. एक सरळ आणि उभी. दुसरी वळसा घेणारी, थोडा अधिक वेळ खाणारी. स्वाराने आपला दम आणि तोल पाहून निवड करावी.

हे थबकले. "म्हणजे लांबच्या वाटेने गेले तरी बाद करत नाहीत?"

"नाही बाबा. पडून शर्यत सोडण्यापेक्षा ते बरे."

हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मुलाच्या हातातली काठी यांनी मागून घेतली. वळणावळणाच्या वाटेने, चार ठिकाणी बसत, आम्ही बुरुजांपाशी पोहोचलो.

परतल्यावर फिजिओथेरपिस्टनी काठीची उंची मनगटाशी जुळवून दिली, तळाला रबरी टोपण बसवायला सांगितले आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायला शिकवले. आता संध्याकाळी हेच मला हाक मारतात, "चल, लांबच्या वाटेने जाऊन येऊ."