आज किती अडवलेस?



मी राहते ते चामराजपेट म्हणजे बेंगळुरूचा जुना, आखीव भाग. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडेयार यांचं नाव असलेली ही वस्ती 1892 सालची. सरळ मेन रोड, त्यांना छेदणारे क्रॉस, आणि पहाटे के. आर. मार्केटहून येणाऱ्या फुलांच्या गाड्या. मुलांना मी नेहमी सांगते की बास्केटबॉल आणि आपलं चामराजपेट एकाच वयाचे आहेत. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, आणि जानेवारी 1892 मध्ये या खेळाचे 13 नियम छापून आले.

मी मूळची सांगलीची. शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळले, मग लग्न होऊन इथे आले. गेली चार वर्षं आठवड्यातले पाच दिवस, सकाळी सहा ते सात, जवळच्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर आसपासच्या मुलामुलींचा सराव घेते. कन्नड, उर्दू, तमिळ, मराठी, सगळ्या घरांतली मुलं येतात. हा सराव कसा घ्यायचा, ते आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी, हे सांगावंसं का वाटलं ते ऐका.

"आई, मी उद्यापासून येत नाही"

माझी लेक आठवीत होती. शाळेच्या संघाची निवड झाली. प्रत्येकीला दहा वेळा बास्केट मारायला सांगितलं, आकडे लिहून घेतले, आणि ज्यांचे आकडे मोठे त्या संघात गेल्या. लेकीचे दहापैकी तीन. वर्गात तिची उंचीही सगळ्यात कमी.

घरी येऊन तिने बूट कोपऱ्यात ठेवले आणि म्हणाली, "आई, मला नाही जमत गं. मी उद्यापासून येत नाही."

तुमच्या घरात वयात आलेली मुलगी असेल, तर या वाक्याचं वजन तुम्हाला वेगळं सांगायला नको. या वयात मुली मैदान सोडतात, आणि एकदा सुटलेलं मैदान सहसा परत मिळत नाही. ट्यूशन असते, पाळी सुरू झालेली असते, उन्हाने रंग काळवंडेल म्हणणारी आत्या असते, "एवढी मोठी मुलगी हाफ पँटमध्ये?" असं विचारणारे शेजारी असतात. त्यात मुलगीच नको म्हणाली की सगळ्यांची सोय होते. आमच्या सकाळच्या सरावाला सहावी-सातवीच्या नऊ मुली यायच्या. दहावीपर्यंत त्यातल्या तीनच उरल्या.

ही गोष्ट आजची नाही. नेस्मिथच्या खेळाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, 1892 मध्येच, अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवायला घेतला. पण मुलींना फार दमवू नये म्हणून कोर्टाचे तीन भाग केले, आणि कोणी आपला भाग सोडून जायचं नाही असा नियम घातला. तेव्हाचं मोठं धाडस ते, पण रेषा आखलेलं. पुरुषांचा बास्केटबॉल 1936 मध्ये ऑलिंपिकमध्ये आला. बायकांचा यायला 1976 साल उजाडलं.

मी लेकीला समजावलं नाही. एवढंच विचारलं, "त्या निवडीत तुला कुणाला अडवायला सांगितलं का गं?"

"नाही."

"मग अर्ध्या खेळाची परीक्षा झाली. उरलेला अर्धा तुझा कसा आहे, ते बघू या. तीन महिने दे मला."

एक बास्केट म्हणजे दोन गुण, अडवलेलीसुद्धा

हिशेब अगदी सोपा आहे. तुम्ही एक बास्केट केलीत तर दोन गुण मिळाले. समोरच्याची एक बास्केट होऊ दिली नाहीत, तर त्याचे दोन गुण गेले. फरक दोन्हीकडे सारखाच पडतो. टाळ्या मात्र पहिल्यालाच पडतात.

जुलै 2017 मध्ये महिलांची आशिया चषक स्पर्धा आमच्याच बेंगळुरूत, श्री कंठीरव स्टेडियममध्ये झाली. ब गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला हरवलं आणि अ गटात जागा मिळवली. आपल्या पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. गुण होते 75-73. एकाच बास्केटचा फरक! चाळीस मिनिटांत कुणीतरी, कुठेतरी एक बास्केट जास्त अडवली नसती, तर निकाल वेगळा लागला असता. तिचं नाव कोणत्याही फलकावर लागत नाही.

म्हणून आमच्या तासाचे आम्ही दोन समान भाग केले. पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, मग पंचवीस मिनिटं आक्रमण, पंचवीस मिनिटं बचाव. तुमच्याकडे एक चेंडू आणि एक रिंग असली तरी हे जमतं. रिंग नसेल तर बचावाचा बराचसा भाग गच्चीवरही होतो.

आधी उडी, त्याहून आधी उतरणं

अंग मोकळं करताना एक गोष्ट आवर्जून करून घ्या. उडी मारल्यावर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. उडी मारून चुकीचं उतरल्याने किंवा झटकन वळल्याने गुडघ्याचा लिगामेंट फाटतो, आणि ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना जास्त होते. मी मुलांना सांगते, मांजरासारखं उतरा. रोज दहा उड्या पुरतात.

आक्रमणाची पंचवीस मिनिटं

*बोटं मोजा.* मुलं ओळीने उभी राहतात, गुडघे वाकवून, एका हाताने चेंडू टप्प्याटप्प्याने खेळवत. मी समोर उभी राहून बोटं वर करते, त्यांनी आकडा ओरडून सांगायचा. आकडा सांगायचा तर मान वर हवी, आणि मान वर राहिली तरच सामन्यात मोकळी मैत्रीण दिसते. उजव्या हाताने अर्धा मिनिट, डाव्या हाताने अर्धा मिनिट. डाव्या हाताची वेळ कधीही कमी करू नका. मुलं नेमकी तिथेच पळवाट काढतात.

*मायकनचा सराव.* जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंचांचा अमेरिकन खेळाडू. कॉलेजात आला तेव्हा उंच पण बोजड. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, चक्क नाच शिकायला पाठवलं. पुढे तो मिनियापोलिस लेकर्सचा मोठा खेळाडू झाला. त्याच्या नावाचा हा सराव असा: रिंगखाली उभं राहायचं, उजव्या बाजूने उजव्या हाताने बास्केट, पडणारा चेंडू जमिनीला लागू न देता झेलायचा, लगेच डाव्या बाजूने डाव्या हाताने. चेंडू हनुवटीच्या खाली आणायचा नाही, कारण खाली आला की तो आपला राहत नाही. सुरुवातीला दहा, मग वीस.

*जवळून लांब.* मुलांना पहिल्याच दिवशी तीन गुणांच्या रेषेवरून, म्हणजे पावणेसात मीटरवरून, चेंडू भिरकवायचा असतो. तिथून हात वाकडा होतो आणि तीच सवय लागते. रिंगपासून एका मीटरवर उभं करा. कोपर चेंडूच्या खाली, मनगट शेवटी पुढे वाकलेलं. पाच बास्केट झाल्या की एक पाऊल मागे. बारा वर्षांखालच्यांना पाच नंबरचा चेंडू द्या आणि जमलं तर रिंग 3.05 मीटरऐवजी 2.60 मीटरवर ठेवा. मोठ्या मुलींना सहा नंबर, मोठ्या मुलांना सात.

*टप्पा न देता पलीकडे.* दोघांनी कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त पास देत धावायचं. चेंडू मैत्रिणीच्या अंगावर टाकायचा नाही, ती पोचणार असेल तिथे टाकायचा. पास दिला की थांबायचं नाही, मोकळ्या जागेत पळायचं.

*दमल्यावर फ्री थ्रो.* शेवटी कोर्टाच्या दोन फेऱ्या मारून लगेच 4.60 मीटरवरून दोन फ्री थ्रो. सामन्यात ते ताज्या दमाने कधीच मारायला मिळत नाहीत.

बचावाची पंचवीस मिनिटं

*खुर्चीवर बसा.* अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं कंबर खाली, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, वजन चवड्यांवर. असं राहून डावीकडे, उजवीकडे सरकायचं. पाय एकमेकांवरून जाऊ द्यायचे नाहीत, एकमेकांना चिकटूही द्यायचे नाहीत. वीस सेकंद करून बघा, मांड्या बोलायला लागतात.

*नागमोडी.* एकीकडे चेंडू, दुसरी तिच्यासमोर. चेंडूवाली नागमोडी पुढे जाते, समोरची दोन्ही हात पाठीमागे बांधून फक्त पायांनी तिची वाट अडवते. हात बांधले की चेंडू हिसकावायचा मोह राहत नाही आणि फाऊलही होत नाही. डोळे तिच्या चेंडूवर नकोत, कमरेवर हवेत. चेंडू, खांदे, डोळे फसवतात. कंबर जिकडे, तिकडेच माणूस जातो.

*हात वर!* चेंडू दूरच्या खेळाडूकडे गेला की तिच्यावर धावून जायचं. पहिली दोन तृतीयांश वाट जोरात, मग बारीक बारीक पावलं टाकत वेग मारायचा आणि एक हात वर. वेग मारला नाही तर ती बाजूने निघून जाते. इथे आमची कन्नड मुलं ओरडतात, "कै मेले!" कन्नडमध्ये कै म्हणजे हात, मेले म्हणजे वर. साताऱ्याहून आलेल्या माझ्या मावशीने पहिल्यांदा ऐकलं आणि घाबरून विचारलं, "अगं, कोण गेलं?"

*पाठ लावा.* मध्ये चेंडू ठेवायचा. एकीने चेंडूपाशी जायचा प्रयत्न करायचा, दुसरीने तिच्याकडे पाठ करून, कंबर खाली ठेवून तिला पाच सेकंद मागे धरायचं. हात मारायचे नाहीत, ढकलायचं नाही, जागा सोडायची नाही. रिंगवरून परत आलेला चेंडू उंच मुलीला मिळतो असं वाटतं. बरेचदा तो जागा आधी धरणारीला मिळतो. चेंडू हातात आला की "नंदु!" म्हणून ओरडायचं. हाही कन्नड शब्द, "माझा". मावशीला आठवडाभर वाटत होतं की नंदू नावाचा मुलगा फारच चपळ आहे.

*चौघींची भिंत.* चार विरुद्ध चार. आक्रमण करणाऱ्यांनी फक्त पास द्यायचे, बास्केट मारायची नाही. चेंडूसमोरच्या मुलीने चिकटून राहायचं, बाकी तिघींनी दोन पावलं आत सरकून मदतीला तयार राहायचं. प्रत्येक पासाबरोबर चौघी हलायला हव्यात. आणि बोलायला हव्यात: "बॉल माझा", "मदत आहे", "डावीकडून". लाजाळू मुलीचा आवाज उघडायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. जी घरी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही, ती इथे चौघींना जागा सांगते.

तीन महिन्यांनंतर

लेकीने तीन महिने दिले. सुरुवातीला कुरकुरत, मग गप्प राहून, मग माझ्याआधी उठून. एका रविवारी शेजारच्या भागातल्या मुलींशी आम्ही सामना ठेवला. त्यांच्याकडे एक उंच मुलगी होती, आदल्या सामन्यात तिने एकटीने सोळा गुण केले होते. लेकीला तिच्यासमोर उभं केलं. चार डाव संपले तेव्हा त्या मुलीचे गुण होते चार. लेकीचे गुण शून्य. आम्ही तीन गुणांनी जिंकलो.

घरी परतताना नेहमीचे शेजारी भेटले. त्यांनी विचारलं, "किती बास्केट केल्यास?" ती म्हणाली, "एकही नाही, अंकल. पण तिला बारा करू दिल्या नाहीत." गुण आणि बास्केट यांचा तिने चक्क घोटाळा केला होता, पण मी मध्ये बोलले नाही.

पुढच्या वर्षी ती शाळेच्या संघात आली, बाराव्या क्रमांकावर. संघात बाराच असतात. तिचे दहापैकी चार बास्केट झाले होते. उरलेलं काम तिच्या पायांनी केलं. आता ती दहावीत आहे, आणि त्या उरलेल्या तिघींपैकी एक आहे.

तुमच्यासाठी

प्रत्येक मूल संघात जाईल असं मी म्हणणार नाही. बास्केट मारण्यात हाताची लय, उंची, थोडं नशीब असतं, आणि ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. बचावाला मात्र वाकलेले गुडघे, उघडे डोळे आणि चिकाटी लागते. ती सरावाने कुणालाही येते. म्हणूनच "मला जमत नाही" म्हणणाऱ्या मुलाला मी आधी बचाव शिकवते. पंधरा दिवसांत त्याला स्वतःला फरक दिसतो, आणि फरक दिसला की मूल टिकतं.

तुमचं मूल खेळून घरी आलं की गुण जरूर विचारा. सोबत हेही विचारा: आज किती अडवलेस? कुणाला मदत केलीस? पहिल्या दिवशी ते तुमच्याकडे बघत राहील. दुसऱ्या दिवशी मोजून येईल.

आणि घरात कुणी बूट कोपऱ्यात ठेवले असतील, तर उद्या सकाळी वीस मिनिटं तिच्याबरोबर गच्चीवर जा. चेंडू नसला तरी चालेल. अदृश्य खुर्चीवर दोघी बसा आणि कोण आधी उठतं ते बघा. पैज लावते, तुम्हीच उठाल.