जळकोटची वाट, जुन्या इंजिनांच्या वेगानं

पुण्याहून मछलीपट्टणला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूर मागे टाकतो आणि काळ्या रानांमधून हैदराबादकडे सरळ धावू लागतो. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून ‘नऊ नंबरचा हायवे’च आहे. रस्ता आता चौपदरी झाल्यामुळे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचं जळकोट मोटारीनं तासाभरात येतं. आम्ही त्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवली होती. आमच्या ताफ्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा १९९६ च्या आधीची होती, आणि अशा गाड्या ताशी पन्नासच्या आसपास सुखात असतात.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आधीचा रविवार आम्ही मुद्दाम निवडला होता. सोलापूर, लातूर, कलबुर्गी, पुणे अशा ठिकाणांहून मंडळी आली होती. कोणी शिक्षक, कोणी यंत्रमागाच्या धंद्यातले, कोणी निवृत्त एसटी चालक. सकाळी निघण्याआधीचा अर्धा तास म्हणजे जुन्या मोटारसायकलींच्या या छंदातला सगळ्यात रंगणारा भाग. जुनी बुलेट सुरू करणं हा एक रियाज आहे. डीकॉम्पचा खटका दाबायचा, अ‍ॅमीटरची सुई मध्यावर येईपर्यंत किक हलकेच खाली न्यायची, पाय वर घ्यायचा आणि मग एकच पूर्ण किक. शेजारी जावावाले पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत होते, लिटरमागे चाळीस मिलीच्या हिशेबानं. जावाची किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून पुढे फिरवायचा आणि त्याच दांड्यानं गिअर टाकायचे. ही करामत पाहायला रस्त्यावरची पोरं हमखास जमतात.

या गाड्यांनी देशाच्या एका मोठ्या कालखंडाची सोबत केली आहे. पन्नासच्या दशकात लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. निवड बुलेटची झाली, आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. झेकोस्लोव्हाकियाची जावा रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरच्या कारखान्यात बनवायला घेतली. तिचीच पुढे येझदी झाली, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. पोलंडच्या आराखड्यावर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ दुधाचे कॅन लटकवून खेड्यापाड्यांत फिरली. आमच्यात याहूनही जुनी एक गाडी होती, पाचशे सीसीची बीएसए एम-२०. दुसऱ्या महायुद्धात लष्करी निरोप पोचवणाऱ्या स्वारांकडे याच जातीच्या गाड्या असत. म्हणजे आम्ही ज्या रस्त्यानं निघालो होतो त्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस उगवला, तेव्हा ही गाडी चालती होती.

सोलापूर जिल्हा संपून धाराशिव सुरू होतो, त्या पट्ट्यात १९४८ पर्यंत मुंबई प्रांत संपत होता आणि निजामाचं राज्य सुरू होत होतं. आज तिथे जिल्ह्याची पाटी येते आणि मागे पडते. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना ही हद्द जिवावर उदार होऊन ओलांडावी लागे. अलीकडच्या सोलापूर भागात त्यांचे कॅम्प होते, पलीकडे निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते. शाळामास्तर म्हणून माणसं घडवण्याचं त्यांचं काम इथे आधी झालं, लढ्याचं नेतृत्व नंतर आलं.

अणदूरला चहासाठी थांबलो. इथला खंडोबा दोन गावांचा आहे. वर्षातले दहा महिन्यांहून जास्त तो अणदूरला राहतो आणि उरलेला काळ नळदुर्गला. मूर्ती एका गावाहून दुसऱ्या गावी वाजतगाजत जाते. दोन्ही गावांनी ठरलेल्या मुदती पाळत देव असा वाटून घेतला, ही मला या रस्त्यावरची फार मोठी गोष्ट वाटते.

चहा होईतो एका येझदीचा प्लग काळा पडला होता. आमच्यासोबतच्या मेस्त्रीकाकांनी तो काढला, पॉलिश पेपरनं घासला, फट डोळ्यांनीच जोखली आणि परत बसवला. त्यांची सारी हयात जावा-येझदीच्या कामात गेली आहे. गाडीच्या मालकाला ते म्हणाले, “दादा, ही गाडी लई दिवस उभी केलाव तुम्ही. उभी ठिवली की मरती बगा. चालवा, मंग जगती.”

नळदुर्गला बोरी नदीनं किल्ल्याला वळसा घातला आहे. बहमनी काळापासूनचा हा किल्ला आदिलशाहीत दगडी तटबंदीनं बळकट झाला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन या स्थापत्यकारानं नदीवर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. हाच पाणीमहाल. डोक्यावरून नदी कोसळत असते आणि आतल्या दालनांत माणूस कोरडा उभा राहतो. वरचं धरण भरून वाहू लागलं की पाणी दोन धारांनी खाली झेपावतं. त्यांना नर आणि मादी म्हणतात. यंदा दोन्ही वाहत होते. बंधाऱ्यापलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला आणि इकडे सगळ्यात उंच उपळी बुरूज. त्यावर चढलं की आपण ज्या रस्त्यानं आलो आणि ज्यानं पुढे जाणार, तो सारा मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. या जागेसाठी राजवटी का भांडल्या, ते तिथे उभं राहून समजतं.

या किल्ल्यात फिलिप मेडोज टेलर राहत होता. निजामानं १८५३ च्या तहानं हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला तेव्हा टेलर इथला डेप्युटी कमिशनर झाला. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ मध्येच गाजली होती. नळदुर्गात त्यानं जमीन मोजणीचं काम हाती घेतलं आणि पुढे तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला.

किल्ला आज नीटनेटका दिसतो, कारण राज्याच्या स्मारक संगोपन योजनेखाली त्याची देखभाल सुरू झाली आणि लोक पुन्हा येऊ लागले. पाणीमहालात शाळेची सहल आली होती. ती पाहताना मला मेस्त्रीकाकांचं म्हणणं आठवत होतं. चारशे वर्षांचा बंधारा अजून पाणी पेलतो आहे, तसा तो माणसांच्या येण्याजाण्यातही राहायला हवा.

नळदुर्ग ते जळकोट हा शेवटचा टप्पा जेमतेम आठ किलोमीटरचा. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालचं भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरलं. पहिली लढाई नळदुर्गला झाली. किल्ल्याच्या बाजूला पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती. सातव्या ब्रिगेडनं बोरीवरचा पूल शाबूत हस्तगत केला, दुसऱ्या शीख पलटणीनं हल्ला चढवला आणि रस्ता मोकळा झाला. सकाळी नऊ वाजता पहिल्या आर्मर्ड ब्रिगेडचे रणगाडे जळकोटात होते. त्यांच्यामागून मोटारींवरची नववी डोग्रा पलटण पुढे निघाली आणि दुपारी सव्वातीनला फौजा उमरग्यात पोचल्या. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजामानं शस्त्रं खाली ठेवली.

जळकोटला आम्ही पोचलो तेव्हाही नऊ वाजून गेले होते. हायवेला लागून गाव, हॉटेलं, खत-बियाण्यांची दुकानं, शेजारी पिवळं पडू लागलेलं सोयाबीन. गाड्या एका रांगेत उभ्या राहताच गर्दी झाली. एक आजोबा राजदूतभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, “माज्या लग्नात हीच मिळाली हुती. तुळजापूरला जोडीनं ह्याच गाडीवर गेलाव.” त्यांना आम्ही गाडीवर बसवलं. हात आपोआप क्लचवर गेला. हॉटेलच्या बाकांवर आम्ही आणि गावकरी बसलो आणि बोलणं गाड्यांवरून त्या सकाळकडे वळलं.

बोलताना एक बाजू झाकून ठेवणं बरोबर झालं नसतं. रझाकारांनी या भागात जुलूम केला, आणि ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटल्या गेलेल्या या लष्करी कारवाईनंतरच्या दिवसांत याच जिल्ह्यात असंख्य निरपराध मुसलमानांनाही प्राण गमवावे लागले. पंडित सुंदरलाल समितीनं त्याची नोंद केली आहे. स्वातंत्र्याचा आनंद आणि हे दुःख, दोन्ही या रस्त्यानं पाहिलं आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही तर प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. त्यामुळे रॅलीला आता वेगळं मोल आलं आहे. गाडीचं चालणंच जर अशा निमित्तांवर अवलंबून असेल, तर ते निमित्त भक्कम हवं. नुसतं ढाब्यावर जेवून आणि फोटो काढून परत फिरण्यात ही यंत्रं आणि हा रस्ता, दोन्ही वाया जातात.

म्हणून जळकोटच्या त्या बाकांवर आम्ही एक गोष्ट नक्की केली. पुढच्या सप्टेंबरपासून इथे येताना गावातल्या शाळकरी मुलांना बोलवायचं. मेस्त्रीकाकांनी त्यांच्यासमोर इंजिन उघडून ठिणगी कशी पडते ते दाखवायचं, आणि आमच्यातल्या शिक्षकांनी १३ सप्टेंबरची सकाळ पूर्ण सांगायची, पुलासकट, रणगाड्यांसकट आणि नंतरच्या दुःखासकट. गावकऱ्यांनी लगेच होकार दिला. मुलांना बसायला जागा आणि नाश्ता त्यांच्याकडे, गाड्या चालत्या ठेवण्याची जबाबदारी आमच्याकडे.