एका सरोवरात दोन देश

अमेरिकेच्या ग्लेशिअर उद्यानाला कॅनडाचे वॉटरटन उद्यान अगदी खेटून आहे. १९३२ साली ही दोन्ही मिळून जगातले पहिले आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान झाले. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघेच तिथे गाडीने हिंडलो.

‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता सुमारे ८० किलोमीटरांचा. एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. ह्यांना रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नाही. २०२५ मीटर उंचीवरची लोगन खिंड येईतो मी अवाक्षर काढले नाही. (आमच्या घरी हे कुणाला पटायचे नाही!)

खरी धास्ती पुढेच होती. हे म्हणाले, “कॅनडाचं राहू दे. परत येताना अडवलं तर?”

“एवढ्या लांब येऊन पाटी वाचून परतायचं?” मी म्हटले.

मैत्रिणींनो, कॅनडाचा व्हिसा तर हवाच; पण अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत यायला चालतो ना, हे घरूनच बघून निघा. भाड्याची गाडी सीमेपलीकडे न्यायची परवानगीही आधी विचारा. चीफ माउंटनचे नाके फक्त उन्हाळ्यात उघडे असते.

वॉटरटन सरोवरात लाँचमधून जाताना ह्यांनी बोट दाखवले. डोंगरावरच्या दाट झाडीत सरळ भांग पाडावा तशी वीस फूट रुंदीची मोकळी पट्टी. तीच सीमा! आमची लाँच ती ओलांडून गेली. ह्यांनी खिशातले पासपोर्ट चाचपले, मी दशम्यांचा डबा उघडला.