एकाच जहाजावर दोनदा

हजरतगंजमधल्या प्रवासी कंपनीच्या कार्यालयात निवृत्त नवऱ्याने कपाळाला हात लावला. बायकोला एकाच जहाजाच्या लागोपाठ दोन सफरी हव्या होत्या. आधी मुंबई ते गोवा आणि परत, मग लक्षद्वीप.

"अगं, तेच जहाज, तेच जेवण! एवढ्या पैशात चारधाम होईल."

"अहो, संध्याकाळी गंजच्या त्याच रस्त्यावर फेऱ्या मारताना कंटाळता का कधी?"

लखनौकर ज्याला कौतुकाने 'गंजिंग' म्हणतात, त्यावर हा घाव होता. नवरा गप्प बसला.

1990 मध्ये बांधलेले 'एम्प्रेस' हे जहाज 2021 पासून मुंबईहून अशा सफरी करू लागले. दुसऱ्या सफरीचे आरक्षण वेगळे असते, केबिनही बदलू शकते. मग मधेच सामान बांधा! दोन्हीकडे एकच क्रमांक मिळेपर्यंत बाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

त्यांचे माहेर रत्नागिरीचे. भावाने घर विकल्यापासून जाणे खुंटले होते. गोव्याकडे जाताना जहाज रात्री त्याच किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रातून जाते. पहिल्या सफरीत नवऱ्याला समुद्र लागला. त्याच्या उशाशी बसण्यात ती रात्र गेली.

मुंबईत इतर प्रवासी उतरले, संध्याकाळी नवे चढले. त्या रात्री एक वाजता नवऱ्यानेच तिला हलवले.

"ऊठ, तुझं गाव आलं असेल."

डेकवर वारा होता. पूर्वेला नुसता काळोख. दोघे बराच वेळ तिकडेच बघत उभे राहिले.