गोणी किती वेळा उचलली जाते?

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात राजेगाव परिसरात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांना आणि आवक-जावक सांभाळणाऱ्यांना पुढे काम मिळेल का, असा संपादकांचा प्रश्न आहे आणि उत्तर आकड्यात हवं, असा आग्रहही. तालुक्यापुरता भरवशाचा आकडा जो कुणी सांगेल, त्याच्याकडे जरा संशयानेच पाहावं. श्रमबल सर्वेक्षण नमुन्यावर चालतं. ते राजेगावच्या किरणापूर तालुक्यापर्यंत ताणलं, तर मूठभर घरांवरून सगळा तालुका जोखल्यासारखं होतं. त्यात राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण हमालाला 9333 या गटात टाकतं आणि साठा-कारकुनाला 4321 मध्ये. लहान गिरणीत मात्र सकाळी पावत्या फाडणाराच दुपारी थप्पीला हात लावतो. म्हणून माणसं किंवा टन मोजण्यापेक्षा गोणी किती वेळा उचलली जाते ते मोजावं, असं माझं मत आहे. सहकाऱ्यांना हा माझा हट्ट वाटतो, पण गणित करून पाहा. 100 क्विंटल धान 40 किलोच्या कट्ट्यांत भरलं की 250 कट्टे होतात. खरेदी केंद्रावर थप्पी, मग ट्रकमध्ये भराई, मग गिरणीत उतराई, म्हणजे 750 वेळा उचलणं. कच्च्या तांदळाचा सरकारी उतारा 67 टक्के, म्हणजे 50 किलोच्या 134 गोण्या. त्या गिरणीतून निघताना, गोदामात उतरताना, रेशनसाठी पुन्हा भरताना आणि दुकानात टाकताना अशा चारदा उचलल्या जातात. ते झालं 536. धान आधी गोदामात पडलं, तर उतराई-भराईचे आणखी 500. एकूण 1,786. आता खर्च वाचवायचा म्हणून धान केंद्रावरून थेट गिरणीत नेलं, की हेच 500 जातात. पीक तेवढंच, काम मात्र चौथ्या हिश्श्याहून अधिक घटलं. टनांच्या तक्त्यात हे दिसत नाही.

लोक बोट दाखवतात ते भलतीकडेच. राजेगावजवळच्या बाघ नदीच्या पुलाजवळचा परिवहन नाका गेला आणि रोजगार गेला, हे वाक्य फार ऐकू येतं. मध्य प्रदेशाने 1 जुलै 2024 पासून हे नाके बंद केले. विक्रीकराची सीमेवरची तपासणी तर 2017 मध्ये जीएसटी येताच संपली होती. पण नाक्यावर माल उतरत नसे, गाड्या नुसत्या थांबत. त्या थांबण्यावर चहाच्या टपऱ्या आणि टायरची दुकानं चालत. त्यांचं नुकसान खरं आहे, पण ते हमालीचं नुकसान नव्हे. हमालीचं खरं नुकसान रुळांनी केलं. गोंदिया–जबलपूर नॅरोगेजवरून आलेला माल पुढे न्यायचा तर गोंदियात तो ब्रॉडगेजच्या डब्यात हलवावा लागे. रूळ बदलले आणि ते काम मुळातूनच संपलं. शतकभराचा तो धंदा बुडाला, तरी त्याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

यावर आक्षेप येतो की यंत्रं आली की उरलेलंही जाईल. लवकर जाणार नाही, आणि त्याचं कारण बालाघाटात सापडत नाही, बंगालमध्ये सापडतं. ताग गिरण्या जगाव्यात म्हणून केलेल्या 1987 च्या कायद्याने सरकारी धान्यासाठी तागाची गोणी बंधनकारक केली. टंचाईच्या काळात प्लॅस्टिकला सवलत मिळते, पण तीही गोणीच. गहू सायलोत मोकळा ओतता येतो; तांदूळ मात्र आजही जवळजवळ सगळा गोणीतच साठतो. गोणी आहे तोवर पाठ लागणार. ही सुरक्षितता दुसऱ्याच कुणासाठी केलेल्या कायद्यातून मिळालेली, त्यामुळे मला ती फारशी भरवशाची वाटत नाही.

कारकुनी कामाचं वेगळं. ‘लॉजिस्टिक्स’चे वर्ग काढून पोरांना वखारीतल्या नोकरीची स्वप्नं विकणाऱ्यांनी एवढं सांगावं, की एका गोदामाला असे किती लोक लागतात? एक, फार तर दोन. पण ते एक-दोन टिकतील. धानाची ओल 17 टक्क्यांच्या आत आहे का हे मीटरवर पाहणारा, बारदान्याचा हिशेब जुळवणारा, काट्याची पावती आणि बिल यांतला फरक पकडणारा माणूस गिरणीमालक सहजी सोडत नाही. शिकायचंच असेल तर हे शिकावं, तेही गिरणीत.

उरतो तो मोठा वर्ग, अंगमेहनतीचा. बाघ नदीच्या गोंदियाकडच्या काठावर अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला 1969 चा माथाडी कायदा आहे: मालक-कामगार दोघांची नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर भविष्य निर्वाह निधी. तिथेही तो सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही, हे मान्य. राजेगावच्या बाजूला मंडीतल्या हम्माल आणि तुलावटी म्हणजे तोलारांसाठी 2008 ची सहायता योजना आहे, पण ती परवानाधारकांची. खासगी गिरणीच्या दारातला पल्लेदार तिच्यात बसत नाही. काम किती उरेल यावर वाद घालत बसण्यापेक्षा मध्य प्रदेश सरकारने गिरण्या आणि खासगी गोदामं धरून माथाडीसारखा कायदा करावा आणि दर गोणीवर ठरवताना ती किती वेळा उचलली, तेही नोंदवावं.