वैराचे वर्तुळ

ई. आर. एडिसन हे ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्यातील अधिकारी. कचेरीतील कामकाज सांभाळून त्यांनी लिहिलेली ‘द वर्म ऊरोबोरस’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९२२ साली प्रसिद्ध झाली. ऊरोबोरस म्हणजे स्वतःचेच शेपूट गिळणारा सर्प.

या कादंबरीची भाषा अपूर्व आहे. विसाव्या शतकातील हा लेखक सतराव्या शतकाचे भारदस्त इंग्रजी सहजतेने लिहितो. रत्नखचित दालने, हिमशिखरांवरील बिकट चढाई, राजा गोराइसचे मध्यरात्रीचे मंत्रानुष्ठान ही वर्णने वाचक विसरू शकत नाही. टोल्किन यांनीही एडिसन यांच्या कल्पसृष्टीची प्रशंसा केली. त्यांची जीवनदृष्टी मात्र टोल्किन यांना रुचली नाही.

कथेकडे वळले की निराशा पदरी येते. प्रारंभी लेसिंगहॅम नावाचा इंग्रज गृहस्थ स्वप्नवत् बुध ग्रहावर नेला जातो आणि थोड्याच प्रकरणांत कथेतून नाहीसा होतो. पुढे दोन राज्यांचे प्रदीर्घ युद्ध चालते. जस्, स्पिटफायर, ब्रँडॉक डाहा हे वीर शूर आणि मानी आहेत. परंतु पहिल्या पानावर ते जसे असतात, तसेच अखेरपर्यंत राहतात. पक्ष बदलणारा, मनाने दुभंगलेला ग्रो हाच काय तो जिवंत माणूस वाटतो.

अखेरीस वीर विजयी होतात आणि शांततेला कंटाळतात. तुल्यबळ शत्रू उरला नाही, याचे त्यांना दुःख होते. देवकृपेने शत्रू पुन्हा जिवंत होतात, आरंभी आलेला दूत पुन्हा दारी येतो आणि वीरांना आनंद होतो.

येथे आचार्य हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहा’चे स्मरण होते. आठव्या शतकात प्राकृतात रचलेल्या या कथेतही वैराची पुनरावृत्ती आहे. गुणसेनाने केलेली टिंगल, पुढे तीनदा चुकलेले मासोपवासाचे पारणे आणि त्यातून अग्निशर्म्याने केलेले सूडाचे निदान. हे वैर नऊ भव चालते. तथापि प्रत्येक भवात एक जीव क्रोधाने खाली घसरतो, तर दुसरा क्षमेने वर चढतो आणि अंती मुक्त होतो. घटना त्याच प्रकारच्या असल्या तरी माणसे बदलतात, म्हणून वाचकाचे मन कथेत गुंतून राहते. एडिसन यांच्या वीरांना कषायाची ओळखच होत नाही, त्यामुळे त्यांच्या वाट्याला परिवर्तनही येत नाही.

इंग्रजी गद्याची आवड असणाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र शेवटी तो दूत येतो, तेव्हा रणांगणावर पडलेल्या सामान्य सैनिकांची आठवण ठेवावी. युद्ध पुन्हा हवे का, हे त्यांना कोणीच विचारलेले नसते.